नोकरी शोधणाऱ्याला ‘बघतो’ म्हणू नका

(१९९० च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा, जानेवारी २०२५. दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर.)



तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर लगेच माणसांना करिअर मार्गदर्शन ऐकवायचं, हे धाडसाचं काम संयोजकांनी माझ्यावर सोपवलंय. सर, दुपारच्या तासाला आम्ही तुमच्यासमोर पेंगायचो, त्याची फेड आज होणार असं दिसतंय.

संयोजक मला म्हणाले, ‘तू नक्की काय काम करतेस ते आम्हाला अजून कळलेलं नाही. ते सांग, आणि आमच्या पोरांनी काय करावं तेही सांग.’ दोन्ही सांगते. पण मधे एक तिसरं सांगणार आहे, ते आपल्याबद्दलचं. आपण सगळे आता पन्नाशीत आहोत. सकाळी परिचयाच्या वेळी ‘सध्या काय चाललंय?’ या प्रश्नावर काही जणांनी ‘आहे आपलं चालू’ म्हणून माईक पुढे दिला. मी कुणाचं नाव घेणार नाही आणि कुणी हात वर करायचा नाही. पण हे उत्तर मला रोज ऐकू येतं. त्यामागे काय असतं ते मला माहीत आहे.

माझं काम असं. एमएसडब्ल्यू करून मी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत एकोणीस-वीस वर्षं पर्सोनेल खात्यात काढली. त्याला पुढे एचआर म्हणायला लागले. माणसं घ्यायची आणि मंदी आली की कमीही करायची, दोन्हीचे कागद माझ्याच टेबलावर तयार व्हायचे. गेली आठ-नऊ वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते. ज्यांची नोकरी गेली, ज्यांना बदलायचीय, ज्यांना पहिली मिळत नाही, अशी माणसं माझ्याकडे येतात. मी नोकऱ्या देत नाही. माझ्या पर्समध्ये नोकऱ्या नसतात. हे पहिल्या भेटीतच सांगते, म्हणजे गैरसमज राहत नाही. मी त्यांच्याबरोबर बसून तीन गोष्टी करते: त्यांना काय येतं ते कागदावर आणते, ते कुठे लागतं याची माहिती काढते, आणि दर आठवड्याला ‘काय झालं?’ असं विचारते.

यात माझी काही नवी युक्ती नाही. १९०८ साली अमेरिकेत बॉस्टनला फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसानं कामाच्या शोधातल्या तरुणांसाठी एक सल्ला केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी तो वारला आणि त्याचं पुस्तक १९०९ मध्ये त्याच्या पश्चात निघालं. त्याचं म्हणणं साधं होतं. आधी स्वतःला ओळखा, मग कामं ओळखा, मग दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घाला. आपल्या वेळी याला काय होतं? मार्कं होती आणि मामा होते. सत्तर टक्के पडले की सायन्स, त्याखाली कॉमर्स, मुलगी असली की डी.एड., आणि मामा म्हणतील तर आयटीआय. शिक्षण झालं की एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव घालायचं, कार्ड जपून ठेवायचं आणि मुदत संपली की ते वाढवून आणायचं. साखर कारखान्यात, सूतगिरणीत किंवा दूध संघात कुणी ओळखीचं निघालं तर नशीब. त्यातूनही आपण मार्गाला लागलो. पण ‘तुला काय जमतं?’ हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना आयुष्यात कुणी विचारलाच नाही. तो पहिल्यांदा विचारला जातो पन्नासाव्या वर्षी, हातातलं काम गेल्यावर. तेव्हा उत्तर सुचत नाही.

एक उदाहरण देते. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. एक गृहस्थ आले, वय ५१. फौंड्रीत क्वालिटीला २६ वर्षं. मालकांनी ते काम दुसरीकडे हलवलं आणि हे घरी बसले. दोन पानी बायोडेटा घेऊन आले होते. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद वाचन व प्रवास. २६ वर्षांच्या कामाबद्दल एकच ओळ: ‘क्वालिटी डिपार्टमेंट सांभाळले.’

मी विचारलं, ‘सकाळी कामावर गेल्यावर पहिलं काय करायचात?’

म्हणाले, ‘काय विशेष नाही मॅडम. वाळू बघायचो.’

‘बघायचो म्हणजे?’

‘मुठीत दाबून बघायची. ओल जास्त असली तर कास्टिंगला ब्लो होल येणार.’

मग ते बोलत गेले आणि मी लिहीत गेले. लॅबचा रिपोर्ट यायच्या आत त्यांच्या हाताला वाळू कळायची. खराब निघालेलं कास्टिंग बघून चूक वाळूची, धातू ओततानाची की पॅटर्नची, हे ते सांगू शकत. ग्राहकाचं ऑडिट असलं की कागद तेच तयार करत. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल अशी सगळीकडे पसरली होती. आणि एका भागाचं रिजेक्शन त्यांनी शेकडा ९ वरून ४ वर आणलं होतं. त्याचे महिन्याचे आकडे खिशातल्या डायरीत लिहिलेले होते. ती डायरी बायोडेटाबरोबर पिशवीतच होती, पण ती दाखवायची असते हे त्यांना वाटलंच नव्हतं.

मित्रांनो, आपल्या पिढीला स्वतःच्या कामाबद्दल बोलायची लाज वाटते. ‘स्वतःची टिमकी वाजवू नये’ हे आपल्याला घरात आणि शाळेत शिकवलं. ते चांगलंच शिकवलं. पण टिमकी वाजवणं वेगळं आणि हिशेब देणं वेगळं. बायोडेटा हा हिशेब आहे. काय केलं, कशावर केलं, किती केलं आणि त्यानं काय फरक पडला, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक कामाबद्दल लिहा. एक पान, फार तर दोन. धर्म, वजन, छंद काढून टाका. तारखा आणि पगार मात्र खरेच लिहा. आता कंपन्या मागची माहिती तपासतात, आणि तिथे एक खोटी तारीख बाकी सगळं खरं पुसून टाकते.

तर त्या गृहस्थांचा एक पानी कागद तयार झाला. त्याआधी त्यांनी चाळीसेक ठिकाणी ऑनलाइन अर्ज केले होते. एकाचंही उत्तर नव्हतं. मी म्हटलं, आता नावं लिहा. जवळच्या मित्रांची नकोत, त्यांना विचारून झालंय. जुने पुरवठादार, ग्राहकाकडून तपासणीला येणारी माणसं, आणि तुमच्याकडे शिकून गेलेली पोरं. ३१ नावं निघाली. त्यांना संकोच वाटला. ‘मी शिकवलेल्या पोरांकडे आता मी काय मागू?’ मी म्हटलं, नोकरी मागूच नका. फोन करा, खुशाली विचारा, तुमची परिस्थिती एका वाक्यात सांगा आणि विचारा, ‘तुमच्याकडे रिजेक्शनचा त्रास सध्या कुठे होतोय?’ नोकरी आहे का म्हटलं की समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि बोलणं संपतं. कामाबद्दल विचारलं की तो बोलायला लागतो. पाचव्या महिन्यात अशाच एका मुलाचा उलटा फोन आला. सहा वर्षांत दोघांचं बोलणं नव्हतं. त्याच्या मालकांना वाळूचा माणूस हवा होता. पगार आधीपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी ठरला. त्यांनी तो घेतला, आणि मी त्यांना तो घ्या असंच सांगितलं.

ही गोष्ट एकट्यादुकट्याची नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या माणसांचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. तो आजही आमच्या क्षेत्रात वाचला जातो. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती त्यांना त्यानं विचारलं, ज्यानं ही नोकरी कळवली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे निघाले फक्त १६.७ टक्के. ५५.६ टक्के अधूनमधून भेटणारे होते, आणि २७.८ टक्के तर वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहूनही कमी. कारण सोपं आहे. रोजचे मित्र आपल्याच कट्ट्यावर बसतात. आपल्याला जे माहीत, तेच त्यांनाही. क्वचित भेटणारा माणूस दुसऱ्या गावात, दुसऱ्या धंद्यात, दुसऱ्या लोकांत वावरत असतो, म्हणून त्याच्याकडे नवी बातमी असते.

आता या सभागृहात नजर फिरवा. इथे बँकेतले आहेत, एस.टी.तले आहेत, शेती करणारे आहेत, दवाखाना चालवणारे आहेत, दोघं गोव्यात हॉटेलच्या धंद्यात आहेत, एक जण दुबईला आहे, चार जणी शिक्षिका आहेत. पस्तीस वर्षांत आपण एकमेकांना क्वचितच भेटलो. म्हणजे आपण एकमेकांच्या नेमक्या कामाचे आहोत!

पण त्यासाठी एक शब्द आपल्याला सोडावा लागेल. तो शब्द ‘बघतो’. ‘बायोडेटा पाठव, बघतो.’ हे वाक्य मी माणसांना महिनोन्‌महिने उराशी धरून बसलेलं पाहिलंय. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून तो ‘बघतो’ म्हणतो आणि गाडीत बसेपर्यंत विसरतो. ऐकणारा मात्र दुसरीकडे प्रयत्न करायचा थांबतो, कारण ‘तो बघतोय’. परत विचारायला त्याला लाज वाटते. आपल्या भिडेपोटी त्याचे दोन-तीन महिने जातात. त्यापेक्षा स्पष्ट सांगा: ‘माझ्याकडे जागा नाही, पण अमक्याशी बोलून येत्या शनिवारपर्यंत कळवतो.’ आणि शनिवारी फोन करा, उत्तर ‘नाही’ असलं तरी करा. ‘नाही’ ऐकून माणूस पुढच्या दाराकडे वळतो. ‘बघतो’ ऐकलेला उंबऱ्यावरच उभा राहतो.

नोकरी गेलेल्या माणसाच्या घरात काय होतं, तेही बोलू. काही जण पहिले दोन-तीन महिने घरी सांगतच नाहीत. सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघतात, बागेत किंवा देवळात बसतात, तिथेच डबा खातात आणि संध्याकाळी परततात. शेजाऱ्यांना कळू नये, सोयरिकीवर परिणाम होऊ नये, म्हणून. माझी पहिली विनंती असते: आज रात्री घरी सांगा. शोध पुढे सहा महिने चालू शकतो आणि तो एकट्यानं झेपत नाही. शिवाय ज्याचं ज्याच्यापासून लपवायचं, तोच कदाचित कळवणारा असतो.

मग लगेच हिशेब. सलग पाच वर्षं नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी तुमच्या हक्काची आहे. शेवटच्या वेतनावर, दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन. कुणी उपकार म्हणून द्यायची ती रक्कम नव्हे. भविष्यनिर्वाह निधी घाईनं मोडू नका. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, आणि नऊ वर्षं भरलेला माणूस सगळं काढून मोकळा झालेला मी पाहिलाय. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, त्याची सोय आधी बघा. आणि घरखर्च किती महिने निघेल तो आकडा कागदावर मांडा. आकडा लहान असला तरी भीतीपेक्षा बरा.

अशा अडलेल्या वेळीच लुबाडणारे येतात. एक नियम पाठ करा आणि पोरांकडून करून घ्या: नोकरी देणारा पैसे घेत नाही. नोंदणी, ट्रेनिंग, युनिफॉर्म, लॅपटॉपची अनामत, काहीही नाव असो, नेमणूकपत्राआधी पैसे मागितले की फोन ठेवा. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारची नोंदणी असावी लागते, ती ‘ई-मायग्रेट’ वर तपासता येते. ऑनलाइन पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० ला फोन करा, जितका लवकर तितकं बरं. आणि मोफत काय आहे तेही लक्षात ठेवा. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज बंद झालेलं नाही. त्याचं आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र झालंय आणि नोंदणी ‘महास्वयम्’ वर होते. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून आहे. तिथे नाव घालायला पैसे पडत नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्यासाठी थोडं वेगळं. मुलं मोठी झाली, आता काही करावंसं वाटतं, असं तुमच्यातल्या दोघींनी आज जेवताना सांगितलं. माझ्याकडे एक जण आली होती. बी.कॉम., चौदा वर्षं घरी. ‘मला काही येत नाही’ हे तिचं पहिलं वाक्य. विचारता विचारता कळलं की सोसायटीचे हिशेब सात वर्षं तीच लिहितेय, लेखापरीक्षणाला तीच सामोरी जातेय. घर आणि सोसायटीचं काम म्हणून ती ते मोजतच नव्हती. तिला टॅली उजळावी लागली आणि २०१७ मध्ये आलेला जीएसटी नव्यानं शिकावा लागला. मग एका सीएकडे अर्धा वेळ, थोडक्या पगारावर. दोन वर्षांत पूर्ण वेळ. मधल्या वर्षांचा खड्डा लपवू नका. ‘या काळात घर सांभाळलं आणि हे हे काम केलं’ असं सरळ लिहा.

आता पोरांचं. दोनच गोष्टी सांगते.

पहिली, स्पर्धा परीक्षा. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत आपल्या तालुक्याची कितीतरी मुलं आहेत. मी त्या परीक्षांच्या विरोधात नाही. पण राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटात ३८ आहे आणि मागासवर्गीयांना ४३, आणि ही मर्यादा म्हणजे तिथपर्यंत थांबायचं निमंत्रण नव्हे. सुरुवातीलाच घरात बसून ठरवा: किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या काळात दुसरं कोणतं कौशल्य हाताशी ठेवायचं. ज्याची ती तारीख उलटून गेलीय त्याला ‘वर्षं वाया घालवलीस’ असं म्हणू नका. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलेल्या मुलाला कायदा वाचता येतो, आकडेवारी समजते, नीट मराठीत टिपण लिहिता येतं. सहकारी बँकेत, सामाजिक संस्थेत, वकिलाकडे याची गरज असते. त्याला तेवढं सांगणारं कुणीतरी हवं.

दुसरी, दहावी-बारावीनंतरची. आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. चाचणी उपयोगी आहे, पण ती पार्सन्सची पहिली पायरी झाली. दुसरी पायरी म्हणजे कामं प्रत्यक्ष बघणं. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून आहे. ३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. वर्ष-सहा महिने विद्यावेतन घेऊन मुलगा कामावर राहिला, की त्याला काय जमतं हे कुठल्याही चाचणीपेक्षा जास्त कळतं.

शेवटी दोन मागण्या. एक सर-बाईंकडे आणि शाळेकडे. नववी-दहावीच्या मुलांसमोर महिन्यातून एक तास आमच्यातल्या एकाला उभं करा. नेहमीप्रमाणे फक्त मोठा अधिकारी झालेल्याला नको. लेथवर काम करणाऱ्याला, एस.टी.च्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला, नर्स झालेल्या मैत्रिणीलाही बोलवा. ‘सकाळी कामावर गेल्यावर पहिलं काय करता?’ एवढंच मुलांनी विचारायचं. बाकी आपोआप येईल.

दुसरी मागणी आपल्या सगळ्यांकडे. या मेळाव्याची स्मरणिका निघणार आहे आणि तिच्या शेवटी नावं, पत्ते, फोन असतील. संपादकांना माझी विनंती आहे की तिथे एक रकाना वाढवावा: ‘मी कशाबद्दल सांगू शकतो / शकते.’ पद लिहू नका, कंपनीचं मोठं नाव नको. ‘दूध संकलन केंद्र चालवणं’, ‘हॉटेलच्या किचनमधली कामं’, ‘नर्सिंगचं शिक्षण आणि परदेश’, ‘घरबसल्या शिवणकामाच्या ऑर्डरी’, असं लिहा. रिकामा कुणीच सोडू नका. ज्यांनी आज माईक पुढे दिला त्यांनी तर नक्की भरा, कारण पंचवीस-तीस वर्षं तुम्ही जे केलंत ते नोकरीबरोबर जात नाही.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सत्तर सुप्रभात येतात. ते येऊ देत. त्यात आठवड्याला एक ओळ अशी यावी: ‘आमच्याकडे अमुक कामाला माणूस हवाय’, किंवा ‘मी सध्या काम शोधतोय, मला हे हे येतं’. दुसरी ओळ लिहायला पहिलीपेक्षा जास्त धैर्य लागतं. ती ज्या दिवशी आपल्यापैकी कुणी लिहील, त्या दिवशी खाली हात जोडलेलं चित्र टाकू नका. त्याला फोन करा.

सरांनी आणि बाईंनी न पेंगता ऐकलं, याबद्दल त्यांचे विशेष आभार.